कुठेही न जाणारी आगबोट

आमच्या गावाचे नावच मुळी पुलावरून पडलेले आहे. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला, पुलापाशी वस्ती झाली आणि त्या वस्तीला लोक पुलगाव म्हणू लागले. यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की पाण्याशी आमचा संबंध तो ओलांडण्यापुरताच. चार महिने नदी लाल पाण्याने फुगून वाहते तेव्हा पुलावर उभे राहून तिच्याकडे पाहायचे आणि उरलेले आठ महिने तिच्या वाळूतून चालायचे, एवढाच आमचा जलविहार. 'बोट' हा शब्द आमच्याकडे उच्चारला तर ऐकणारा आधी हाताकडे पाहतो. कोकणातल्या माणसाला बोट लागते. आम्हांला लागलीच तर एसटी लागते.

तरीही समुद्र आम्हांला अगदीच परका आहे असे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेत जाईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. पुढे आर्वीहून पुलगावपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी आली. तीही प्रामुख्याने कापसासाठीच. आता ती बंद आहे. पण तिच्या गोष्टी सांगणारे म्हातारे अजून आमच्या चौकात बसलेले दिसतात. म्हणजे ज्या आगगाडीमुळे आमच्या गावाला नाव मिळाले, ती या मुलखात आली यात कापूस समुद्रापर्यंत पोहोचवण्याच्या घाईचा वाटा फार मोठा होता. कापूस गेला, गाठी गेल्या, माणसे मात्र काठावरच राहिली.

नाही म्हणायला एक लेक गेली होती. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, याच वर्धेच्या काठी, कौंडण्यपूर आहे. विदर्भराज भीष्मकाची ती राजधानी असे आम्ही मानतो. तिथली रुक्मिणी श्रीकृष्णाच्या रथात बसून गेली ती थेट द्वारकेला, समुद्राच्या काठी. महानुभाव कवी नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' वर्गात शिकवताना मला दरवर्षी एक शंका येते. सगळे कवी त्या रथापाशी आणि त्या युद्धापाशी रेंगाळतात. पण वर्धेचे वाळवंट पाहून वाढलेल्या या मुलीने पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा तिला काय वाटले असेल? हे कोणी सविस्तर सांगत नाही. मुलांना विचारावे तर ती घड्याळाकडे पाहतात.

आमच्या घरातून कोणी समुद्रावर राहायला जाईल असे मात्र मला कधी वाटले नव्हते. ही कल्पना आमच्या कन्येची. ती नागपूरला शिकते आणि सुट्टीत घरी येताना नव्या नव्या कल्पना घेऊन येते. मुंबईहून एक मोठी प्रवासी बोट निघते, दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस भर समुद्रात राहते आणि परत मुंबईलाच येते, असे तिने जाहीर केले. सौ.ने खर्च विचारला. मी ग्रंथालयातल्या एका सहकाऱ्याचा सल्ला घेतला. तो हिशेबी माणूस.

"चढणार कुठे?"

"मुंबईला."

"उतरणार कुठे?"

"मुंबईलाच."

"मग जाणार कुठे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण आईजवळ होते. ती बहात्तर वर्षांची आहे. आजवर पंढरपूर, शेगाव, माहूर आणि एकदा काशी एवढा तिचा प्रवास. ती म्हणाली, "जाऊन येऊ ना बापू. सारं जलम दर्यापूरची म्हनून मिरवली, दर्या काही पाहिला नाही."

हे खरेच होते. आईचे माहेर अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात. वऱ्हाडच्या इमादशाहीतल्या दर्या इमादशहाच्या नावावरून ते नाव पडले असे म्हणतात. नावात दर्या असूनही त्या गावापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. आईचा शब्द पडल्यावर हिशेबाचा प्रश्न मिटला.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री आम्ही विदर्भ एक्सप्रेसने निघालो आणि सकाळी मुंबईत उतरलो. बोट सुटते ती बॅलार्ड पिअरच्या बाजूने. एकेकाळी विलायतेची डाक आणि साहेबलोक इथेच उतरत आणि धक्क्याला लागूनच उभ्या असलेल्या फ्रंटियर मेलमध्ये बसून थेट उत्तरेकडे जात. आता तिथे आमच्यासारखे लोक थर्मासातला चहा पिऊन पासपोर्टासारखी दिसणारी कागदपत्रे पुन्हापुन्हा तपासत उभे होते. शेजारच्या कुटुंबाने पोळ्यांचा डबा आणला होता. बोटीवर जेवण मिळते हे त्यांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि विश्वास असणे वेगळे.

बोट म्हणजे काय हे आईला समजावून देण्याची मी आगगाडीत बरीच खटपट केली होती. ती सगळी वाया गेली. ती बोट दिसलीच नाही. दिसली ती एक पांढरी भिंत. भिंतीला खिडक्या, खिडक्यांवर सज्जे, सज्जांवर आणखी मजले, असे अकरा मजले. लांबी दोनशे दहा मीटर. आईने मान वर करून पाहिले आणि विचारले, "इमारतीच्या मागे उभी हाय का?"

या बोटीचे नाव 'एम्प्रेस'. ती फ्रान्समध्ये बांधली गेली आणि १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने अमेरिकेकडच्या समुद्रात फिरू लागली. पुढे मालक आणि नावे बदलत ती २०२१ साली आपल्याकडे आली. जिला आणले त्या कंपनीचे नाव कॉर्डेलिया. शेक्सपिअरच्या लिअर राजाची ही धाकटी, खरे बोलणारी मुलगी. मराठीच्या प्राध्यापकाला हे नाव वाचून स्वस्थ बसवत नाही. शिरवाडकरांचा 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आला. त्याच्यामागे लिअरची सावली आहे हे सर्वश्रुत आहे. पण आमच्या अप्पा बेलवलकरांना एक मुलगा आणि एकच मुलगी, कॉर्डेलिया त्यांच्या नशिबी नाही. हे मी कन्येला सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आजीची बॅग धरा." कॉर्डेलियाही बहुधा असेच बोलली असती.

बोटीवर पाय ठेवल्यावर पहिला कार्यक्रम कवायतीचा. संकट आले तर कोणी कोणत्या जागी जमायचे, अंगरख्यासारखे ते तरंगते जाकीट कसे बांधायचे, बाजूला टांगलेल्या नारिंगी नावांत कसे बसायचे हे सर्वांना दाखवतात. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर सर्वांना पुरतील एवढ्या नावाच नव्हत्या. त्यातून धडा घेऊन १९१४ साली आंतरराष्ट्रीय नियम झाले. आपल्याकडेही विसरू नये असा दिवस आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिनाभरावर आले होते. गिरगाव-परळमधल्या आणि कुलाबा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ते स्वातंत्र्य सुतकात आले. हे आठवले की ती कवायत हसण्यावारी नेववत नाही.

संकटाची खूण म्हणून बोटीचा भोंगा वाजवतात. सात आखूड आणि एक लांब. तो वाजला आणि आई चमकली. तिने माझा हात घट्ट धरला.

"भोंगा," ती म्हणाली.

मी काय समजायचे ते समजलो. माझे वडील पुलगावच्या कापडगिरणीत साच्यावर काम करीत. आमच्या घराचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्याला वडील डबा घेऊन निघायचे. परतीच्या भोंग्याला आई दारात येऊन उभी राहायची. गिरणी बंद पडली आणि भोंगाही थांबला. त्यानंतर गावात बराच काळ लोक उगाचच उशिरा उठत, उगाचच लवकर जेवत. वडील फार दिवस राहिले नाहीत. आईने तो आवाज कित्येक वर्षांनी ऐकला तो इथे, अरबी समुद्रावर. कान देऊन ऐकत ती म्हणाली, "पाळीचा नाही हा. पाळीचा एकच राहे, लांब."

संध्याकाळी बोट हलली. हलली हे आम्हांला कळलेच नाही. धक्काच मागे सरकू लागला असे वाटले. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपगृहाचा दिवा डोळे मिचकावीत राहिला. दक्षिणेकडे अंधारात खांदेरी होती. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकासमोर, इंग्रज आणि सिद्दी या दोघांशी झुंजत, त्या खडकावर किल्ला बांधायला घेतला. आज त्या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, आणि २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. हळूहळू मुंबईचे दिवे एका ओळीचे झाले, मग एका ठिपक्याचे. सर्वांत शेवटी फोनची खूण गेली. कन्येचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

दुसरा दिवस हा या सफरीचा गाभा. त्या दिवशी बोट कुठेही जात नाही. मी पहाटे उठून वरच्या डेकवर गेलो तो आई माझ्याआधीच खुर्चीत बसलेली. शाल पांघरून, माळ हातात धरून. पण माळ थांबलेली. चहूकडे पाणी. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर असते असे पुस्तकात असते. डोळ्यांना तो आकडा पटत नाही. आमच्याकडेही सपाट मुलूख आहे, कपाशीची शेते दूरवर पसरलेली असतात. पण कुठेतरी एखादे कडुलिंबाचे झाड, एखादे कळस असतेच. नजरेला टेकायला जागा असते. इथे नजर जात जात जाते आणि रिकामीच परत येते.

सूर्य उगवला तो आमच्या मागून, म्हणजे मुंबईच्या बाजूने. आईने हात जोडले. थोड्या वेळाने तिने अगदी व्यवहाराचा प्रश्न काढला, "इतकं पानी हाय, पेवाले कोठून आनतात?"

मी तिला सांगितले की याच पाण्यातले मीठ काढून ते गोडे करण्याची यंत्रे बोटीवर असतात. एका लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असते. तिला आकड्याचे कौतुक वाटले नाही. खाऱ्या पाण्याचे तिला मुळीच अप्रूप नव्हते. तिचे माहेर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातले. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे लागते. गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी तिने लहानपणी मैल मैल पायपीट केली होती. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा वऱ्हाडात समुद्र कुठला? पण अकोला जिल्ह्यातल्या दहिहंड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, अशी प्रतिज्ञा करून गांधीजी दांडीला निघाले होते. म्हणूनच पुढे ते वर्ध्याला आले आणि १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. समुद्राने आमच्या जिल्ह्याला दिलेले हे दान आम्ही सहसा समुद्राच्या खाती मांडत नाही.

दिवस वर आला तशी बोट जागी झाली. पोहण्याच्या तलावात मुले उतरली. भर समुद्रात तलाव कशासाठी, हा प्रश्न फक्त मलाच पडलेला दिसला. नाश्त्याला इडलीपासून पावापर्यंत सगळे होते, आणि पोहेही होते. पोह्यांवर तर्री नव्हती एवढेच वैगुण्य सौ.ने नोंदवले. हाउजी झाली, नाच झाला, जादूचे खेळ झाले. पोळ्यांचा डबा आणलेल्या कुटुंबाने तो दुपारी उघडला आणि आम्हांलाही बोलावले. अकराव्या मजल्यावर, दर्याच्या मध्यावर, गुळपोळी खाताना मला तरी तो या सफरीतला सर्वांत श्रीमंती थाट वाटला.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. आईने दुसऱ्याच घासाला त्याची चौकशी सुरू केली.

"घरी कोन कोन हाय रे लेकरा?"

"आई आहे, आजी. आणि धाकटी बहीण."

"केव्हा गेला होता घरी?"

"सहा महिने झाले. करार संपला की जाईन."

त्याचे आजोबा मुंबई-गोवा फेरीच्या जुन्या आगबोटीवर खलाशी होते. तेव्हा बोट बंदराबाहेर थांबायची, खपाट्यांतून माणसे उतरायची आणि काठावर अख्खा गाव जमायचा. चाकरमान्यांची ती वाहतूक थांबली, रस्ते झाले, कोकण रेल्वे आली. "आजोबा बोटीतून लोकांना घरी पोचवायचे," तो हसून म्हणाला, "मी लोकांना फिरवून आणतो." आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जाताना तिने पिशवीतले चार तिळाचे लाडू त्याच्या हातात कोंबले. नियमात बसते की नाही हे त्याने पाहिले नाही. पापणी लवते न लवते तोच लाडू खिशात गेले.

दुपारनंतर वारा पडला. पाणी तेलासारखे संथ झाले. बोट लागण्याच्या गोळ्या आम्ही डब्बीभर आणल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. आई पुन्हा वरच्या डेकवर येऊन बसली होती. मी शेजारी बसलो. पश्चिमेला सूर्य उतरू लागला होता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बापू, तुह्या बाबाची राख आपन नदीत सोडली. थे पानी इथीच आलं असंन ना?"

हा प्रश्न ती पुलगावहूनच सोबत घेऊन आली होती, हे मला तेव्हा कळले. बोटीचा हट्ट, दर्यापूरचा विनोद, पहाटेची ती थांबलेली माळ, सगळ्यांचा अर्थ लागला. वडिलांच्या अस्थी आम्ही पुलाखालच्या घाटावर वर्धेत सोडल्या होत्या.

प्राध्यापकाला भूगोल ठाऊक असतो ही कधीकधी मोठी अडचण असते. वर्धेचे पाणी या समुद्रात येत नाही. ती मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या मुलखात उगम पावते, आमच्या गावावरून वाहते, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी जाते ती बंगालच्या उपसागरात. देशाच्या दुसऱ्या अंगाला. हो म्हणावे असे फार वाटले. पण आईशी खोटे बोलण्याची सवय आमच्या घरात नाही. मी तिला सगळे सांगितले, बोटाने खुर्चीच्या हातावर नद्या काढून दाखवल्या.

ती ऐकत होती. चेहरा किंचित उतरला. मग तिने विचारले, "अन् माह्या माहेरची पूर्णा?"

पूर्णेचे मी बोललोच नव्हतो. पूर्णा चांगदेवपाशी तापीला मिळते आणि तापी सुरतेवरून येऊन मिळते ती याच समुद्राला. गंमत अशी की तापीही मुलताईचीच. एकाच मुलखातून दोघी निघतात, एक पूर्वेचा समुद्र धरते, दुसरी पश्चिमेचा.

आईने पदर सावरला. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा उजेड आला. तो मावळतीचा होता की आतला, हे मला सांगता येणार नाही.

"म्हंजे हा माह्या माहेरचा," ती म्हणाली. "अन् तुह्या बाबाचा तिकडचा."

"हो."

"अन् खाली दोन्ही भेटतात?"

"भेटतात. कन्याकुमारीला."

"मंग झालं," ती म्हणाली आणि माळ पुढे सरकू लागली.

सावरकरांनी १९०९ साली ब्राइटनच्या किनाऱ्यावर उभे राहून याच पाण्याला मायभूमीकडे परत नेण्याची विनवणी केली. सगळे समुद्र एकच आहेत, म्हणूनच तिथल्या समुद्राशी इथले बोलता येते. कवीला जे प्रतिभेने कळते ते आईला दोन नद्यांच्या हिशेबाने कळले. मी वर्गात ती कविता अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. यंदा शिकवताना क्षणभर थांबावे लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट धक्क्याला लागली. उतरताना तो रत्नागिरीचा मुलगा दाराशी उभा होता. त्याने आईला वाकून नमस्कार केला आणि लाडू संपल्याचे सांगितले. रात्री आम्ही पुन्हा आगगाडीत होतो.

ज्यांच्या घरी वडीलधारे माणूस आहे आणि ज्यांना एवढा खर्च झेपण्यासारखा आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ही सफर करावी. हिवाळ्यात करावी, समुद्र तेव्हा शांत असतो. नाच आणि जादू यांसाठी नव्हे. ते आपल्या गावातही होतात. दिवसभर कुठेही जायचे नाही, कोणाचा फोन येणार नाही आणि समोर पाहायला पाण्यावाचून काही नाही, असा एक दिवस आईवडिलांच्या शेजारी बसायला मिळतो यासाठी. असा दिवस जमिनीवर सापडत नाही. जमिनीवर सदैव काही ना काही स्टेशन येत असते.

पुलगावला पोचल्यावर चौकशी होणार हे ठरलेलेच होते. ग्रंथालयातल्या सहकाऱ्याने मला पुन्हा तेच विचारले, "शेवटी गेला कुठे होतात?" मी सविस्तर सांगायला सुरुवात केली, त्याने मध्येच जांभई दिली. घरी आलो तो शेजारच्या काकू आईला दारात गाठून उभ्या होत्या.

"कुठी गेल्ता मावशी इतके दिवस? घराले कुलूप!"

आईने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि म्हणाली, "माहेरी."